कारंज्याची वेष्टनं

ग्रामोफोनच्या तबकड्या आणि पुढे सीड्या घरोघरी घडी घातलेल्या कागदी पाकिटांत जपल्या गेल्या. धूळ बसू नये, ओरखडा उठू नये, एवढंच त्या पाकिटाचं काम. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड इथं तेच काम पिढ्यान्‌पिढ्या कापडानं केलं. तिथं जपायच्या होत्या पोथ्या.

बलात्कारगण आणि सेनगण या दिगंबर जैन भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंच्या, परंपरांची पीठं कारंज्यात होती. त्यांच्या मंदिरांत हस्तलिखितांची भांडारं साठत गेली. पोथी शिवलेली नसते. सुटी, आडवी पानं एकावर एक रचायची, वर-खाली फळी किंवा पुठ्ठा ठेवायचा, चौकोनी कापड चारी बाजूंनी आत दुमडायचं आणि दोरी आवळायची. बांधणी सैल राहिली की कसर शिरलीच! म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून पुसायचे, वेष्टनं बदलायची, अशी दिगंबर समाजाची रीत आहे. देखभालीलाच पूजेचं स्थान दिलं, हे या रीतीचं मोठेपण.

त्याचं फळ विसाव्या शतकात दिसलं.

रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितसूचीत कारंज्याच्या पोथ्या नोंदल्या गेल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी तिथलं अपभ्रंश भाषेतलं साहित्य अभ्यासकांपुढे आणलं. मराठीचं पूर्वरूप शोधणाऱ्यांसाठी हा मोलाचा ठेवा होता. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी संपादित केलं. कारंजा जैन ग्रंथमालेत ते १९३१ मध्ये छापलं गेलं, आणि १९३३ मध्ये हिरालाल जैन यांनी त्याच कवीचं ‘णायकुमारचरिउ’ आणलं.