खोरं कोणी धरायचं?

आप्पासाहेब पटवर्धनांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते कलमांना खत घालताना. माझा आजो मिठबावहून कणकवलीच्या बाजाराला गेला की कधीमधी वागद्याला आप्पासाहेबांच्या गोपुरी आश्रमात डोकावायचा. तिथे संडासाच्या खड्ड्यातला मैला माती-पाल्याखाली मुरवून त्याचं सोनखत करत. आजोने ते मुठीत घेऊन हुंगलं होतं. “मातीचोच वास, झिला,” तो सांगायचा. “घाण करता तो चांगलो आणि काडता तो वायट, हो खंयचो न्याय?”

आजीची आठवण वेगळी, आणि मला ती जास्त बोचते. गोठ्यात बैल मेला की महारवाड्यात निरोप जाई. चार माणसं येत, दोर लावून बैल ओढून नेत. ती वळणापलीकडे गेली की आजीची सासू त्यांच्या पावलांवर शेणपाणी शिंपडायला लावी. आपल्या गोठ्यातली घाण ज्यांनी नेली, त्यांच्याच पावलांवर! हे सांगताना म्हातारपणीही आजीची मान खाली जायची.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा, असं बजावलं. ठिकठिकाणी लोकांनी ते काम सोडलं आणि गावांचा रोष, बहिष्कार अंगावर घेतला. न्यायाची सुरुवात ह्या नकारापासून झाली, असं मी मानतो. ज्यांच्या डोक्यावर ओझं होतं त्यांनीच ते आधी खाली टाकलं. मग प्रश्न उरला बाकीच्या गावाचा. आता हे काम कोण करणार?

आप्पासाहेबांनी त्याचं उत्तर स्वतःच्या हातांनी दिलं. एम.ए. झालेला, गांधीजींची आत्मकथा मराठीत आणणारा हा ब्राह्मण १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होता. तिथे त्यांनी भंगीकाम मागितलं. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं, असा नियम होता, म्हणून परवानगी नाकारली गेली. आप्पासाहेबांनी अन्न तोडलं. त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास सुरू केला. दोन दिवसांत सरकारने आश्वासन दिलं आणि तो सुटला. संडास साफ करू द्या म्हणून दोन तुरुंगांत दोन माणसं उपाशी बसली होती!

१९४८ मध्ये गोपुरी उभी राहिली. मेलेल्या जनावराचं कातडं सोलून कमावणं, हाडामांसाचं खत करणं, मैल्याचं सोनखत करणं, अशी सगळी ‘हलकी’ कामं आश्रमात शिकलेली माणसं उजळ माथ्याने करू लागली. लोक आप्पासाहेबांना कोकणचे गांधी म्हणत. गोपुरीच्या कामाला मी दानधर्म म्हणणार नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी मांडणीच तिथे नव्हती. घाणीतला आपला वाटा आपण उचलायचा आणि ते काम असं करायचं की कुणाच्याही माणुसकीला त्याने बट्टा लागू नये, एवढाच तिथला व्यवहार. आप्पासाहेब १९७१ साली गेले.

आता आमच्या किनाऱ्यावर दिवस बदलले आहेत. तांबळडेगचा समुद्र आणि गजबादेवीचं देऊळ बघायला पाहुणे येतात, घरोघरी खोल्या निघाल्या आहेत, खोलीमागे संडास आणि अंगणात सेप्टिक टाकी. माणसाकडून हाताने मैला उपसून घ्यायला १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. तरी गटारांत, टाक्यांत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या देशात येतच राहतात, आणि मरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात.

म्हणून माझ्या गाववाल्यांना, आणि मिठबावला येणाऱ्या पाहुण्यांनाही, एवढंच सांगणं आहे. टाकी भरली तर यंत्राची गाडी बोलवा, तिचे पैसे कुरकुर न करता द्या. माणसाला आत उतरवू नका. आणि गाडीबरोबर जो येईल त्याला पडवीत बसवून, आपण पितो त्याच तांब्यातून पाणी द्या.