पाद्री घडवायला परदेशातून मदत का येते? गोरेगाव ते रोम, एका जुन्या व्यवस्थेची गोष्ट

गोरेगाव पूर्वेला आरे रोडवर सेंट पायस कॉलेज आहे. नावात कॉलेज असलं तरी इथे बीकॉम, बीएस्सीचे वर्ग भरत नाहीत. ही कॅथलिक चर्चच्या मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी आहे, म्हणजे धर्मगुरूंचं प्रशिक्षण देणारी संस्था. मुंबईच्या उपनगरांतल्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करणारे अनेक फादर इथेच शिकले आहेत.

अशा संस्थांचा विषय निघाला की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास येतो. यांना पैसा परदेशातून येतो का? भारतातल्या काही सेमिनरींना अशी मदत मिळत आली आहे. पण ती कशासाठी सुरू झाली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. परदेशी पाद्र्यांवरचं अवलंबित्व संपावं, हाच तिचा मूळ हेतू होता.

प्रशिक्षणाला किती वर्षं लागतात?

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मनियमांनुसार धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षं शिकावं लागतं. त्यातली दोन वर्षं तत्त्वज्ञानाला आणि चार ईश्वरविज्ञानाला. सुरुवातीची तयारी आणि मधला प्रत्यक्ष सेवेचा काळ धरला, तर गुरुदीक्षेपर्यंत त्याहून बरीच जास्त वर्षं जातात.

या काळात विद्यार्थी सेमिनरीतच राहतो. त्याला पगार नसतो. राहणं, जेवण, पुस्तकं, प्राध्यापक आणि इमारत हा सगळा खर्च कुणीतरी उचलावा लागतो.

हा खर्च कोणी करायचा?

धर्मनियमांनुसार पहिली जबाबदारी स्थानिक बिशपांची असते. सेमिनरी चालवणं आणि विद्यार्थ्यांच्या निर्वाहाची सोय करणं हे त्यांचं काम आहे. त्यासाठी धर्मप्रांतातल्या चर्चसंस्थांवर कर बसवण्याचा अधिकारही त्यांना आहे. म्हणजे पैसा आधी स्थानिक भाविकांकडून यावा, अशी अपेक्षा आहे. जिथे भाविक थोडे किंवा गरीब असतात, तिथे बाहेरची मदत लागते.

मदतीची कल्पना आली कुठून?

तिचं मूळ शोधताना गोव्यापर्यंत जावं लागतं. सतराव्या शतकात दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो या तरुणाला पाद्री व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपांनी नकार दिला. तेव्हा तो थेट रोमला गेला. तिथे १६२२मध्ये 'प्रोपगंडा फिदे' ही संस्था स्थापन झाली होती. युरोपबाहेरचं धर्मकार्य स्पेन आणि पोर्तुगालच्या राजसत्तेच्या हाती राहू नये आणि स्थानिक धर्मगुरू तयार व्हावेत, हे तिचं धोरण होतं. तिच्या पाठबळावर मातेउश पाद्री झाले आणि १६३७मध्ये बिशपही झाले. त्यांच्याकडे आदिलशाही मुलुखाची जबाबदारी आली. डिचोलीत राहून त्यांनी काम केलं आणि गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्यांचा संघर्ष अखेरपर्यंत चालला.

पुढे याच विचाराला सामान्य देणगीदारांची जोड मिळाली. १८८९मध्ये नागासाकीच्या फ्रेंच बिशपांनी फ्रान्समधल्या जान बिगार्ड यांना आपली अडचण कळवली. पाद्री व्हायला जपानी तरुण तयार होते, पण पैशांअभावी त्यांना परत पाठवावं लागत होतं. जान आणि त्यांची आई स्टेफनी यांनी निधी जमवायला सुरुवात केली. त्यातून 'सोसायटी ऑफ सेंट पीटर द अपॉसल' उभी राहिली. १९२२मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला पोपच्या अधिकृत संस्थेचा दर्जा दिला. ती आजही आशिया-आफ्रिकेतल्या सेमिनरींना मदत करते.

भारतासाठी पोप तेरावे लिओ यांनी १८९३मध्ये पेपल सेमिनरी सुरू केली, पण तीही श्रीलंकेतल्या कँडीत. भारतीय तरुणांना समुद्र ओलांडून शिकायला जावं लागायचं. १९५५मध्ये ही संस्था पुण्यात आली.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये काय घडलं?

महाराष्ट्रात हा वाद फार जुना आहे. अहमदनगर भागात काम करणारं मराठी मिशन अमेरिकन बोर्डाच्या पैशांवर चालायचं. या बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५मध्ये भारतात आले. स्थानिक पाळक स्थानिक भाषेत तयार करावेत, मंडळ्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि मिशनऱ्यांनी पुढे निघून जावं, असा त्यांचा आग्रह होता.

हे बोलायला सोपं आणि करायला अवघड होतं, कारण जिथून पगार येतो तिथूनच निर्णयही येतात. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये होते. पाळक म्हणून दीक्षा घेतलेल्या टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ती धर्म या मातीतला वाटावा आणि त्याला परदेशी संस्थेचं कुंपण नसावं, ही त्यांची तळमळ होती.

पाळकांच्या प्रशिक्षणासाठी १९५३मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३पासून ती पुण्यात आहे.

कायदा काय सांगतो?

परदेशी देणग्यांवर भारतात 'एफसीआरए' म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याचं नियंत्रण आहे. पहिला कायदा १९७६चा, सध्याचा २०१०चा. सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, सामाजिक आणि धार्मिक कामासाठी परदेशी देणगी घेता येते. म्हणजे पाद्र्यांच्या प्रशिक्षणासाठी पैसा घेणं मुळात बेकायदा नाही. मात्र अटी कडक आहेत:

- संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षं असते.
- पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावा लागतो.
- दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब द्यावा लागतो.
- प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. २०२०पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती.
- आमिष दाखवून किंवा बळजबरीने धर्मांतर केल्याबद्दल खटला किंवा शिक्षा झालेल्यांना नोंदणी मिळत नाही.

लहान संस्थांना सर्वांत जड गेलेला बदल २०२०चा आहे. आधी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी देणगी घेऊन तिचा वाटा दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत होती. आता असं हस्तांतर पूर्ण बंद आहे. खेड्यातल्या छोट्या बायबल स्कूललाही परदेशी मदत हवी असेल, तर स्वतः नोंदणी करावी लागते आणि देणगी थेट घ्यावी लागते.

मदत एकाच दिशेने वाहते का?

नाही. ऑक्टोबरमधल्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये 'मिशन संडे' पाळला जातो. १९२६पासून ही प्रथा आहे. त्या दिवशीची वर्गणी जगभरच्या गरजू धर्मप्रांतांसाठी असते. अंधेरी-बोरिवलीच्या चर्चमध्ये त्या दिवशी थाळीत पडणारी नोटही याच कामासाठी असते. एके काळी मदत घेणारे आता देणारेही झाले आहेत.

माणसांचंही तसंच. ऑस्वाल्ड ग्रेशियस सेंट पायसमध्ये शिकले आणि १९७०मध्ये धर्मगुरू झाले. नंतर त्यांनी रोमच्या अर्बानियाना विद्यापीठातून धर्मकायद्याची डॉक्टरेट मिळवली. या विद्यापीठाचं मूळ प्रोपगंडानेच चालवलेल्या १६२७च्या कॉलेजात आहे. ग्रेशियस २००६मध्ये मुंबईचे आर्चबिशप आणि २००७मध्ये कार्डिनल झाले. मातेउश यांना पाद्री होण्यासाठी रोम गाठावं लागलं होतं. ग्रेशियस रोमला गेले, ते गोरेगावात शिकून धर्मगुरू झाल्यावर.