पावसात अंगणात निघणारा वाळा साप: ओळखायचा कसा?

पहिला जोराचा पाऊस झाला की अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये न्हाणीघराच्या मोरीतून, कुंडीखालून किंवा शेणखताच्या ढिगातून गांडुळासारखा काळपट, चकचकीत जीव वळवळत बाहेर येतो. कोणी म्हणतं गांडूळ, कोणी म्हणतं मण्यारीचं पिल्लू, आणि चप्पल आधी पडते. बहुतेक वेळा तो वाळा साप असतो. उन्हाळ्यात माठात टाकतात तो वाळा वेगळा, नाव तेवढं एक.

वाळा हा बिनविषारी साप आहे. लांबी साधारण वीतभर, जाडी बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जास्त. मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या हे त्याचं खाणं. माणसाला चावण्याइतकं त्याचं तोंडच नाही. हातात धरला तर शेपटीच्या टोकाचा बारीक काटा टोचतो. त्यालाच लोक डंख समजतात, पण त्यात विष नसतं. झोपलेल्याच्या कानात शिरतो ही समजूत देशात बऱ्याच ठिकाणी आहे, तिला आधार नाही.

गांडूळ आणि वाळा यांत फरक सोपा आहे. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, वाळ्याच्या अंगावर गुळगुळीत खवले. वाळा बारीकशी जीभ आतबाहेर करतो. डोळे म्हणजे खवल्याखाली दिसणारे दोन काळे ठिपके, त्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. म्हणून या गटाला आंधळे साप म्हणतात. आणखी एक प्राणी गोंधळ घालतो, देवगांडूळ. तो साप नाही, बेडकाच्या नात्यातला उभयचर आहे. अंग ओलसर, बुळबुळीत आणि वळ्यांचं.

शास्त्रात या सापाची नावं बरीच बदलली. विशाखापट्टणमला असलेले कंपनी सरकारचे डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी 1796 च्या पुस्तकात त्याचं चित्र दिलं. त्यावरून दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1803 मध्ये नाव ठेवलं. पुढे तो टिफ्लॉप्स, मग रॅम्फोटिफ्लॉप्स या प्रजातीत गेला. 2014 मध्ये जनुकांचा अभ्यास करून इंडोटिफ्लॉप्स ही नवी प्रजाती केली, तेव्हापासून नाव इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस. जात ठरवायला अंगाभोवतीच्या खवल्यांच्या रांगा मोजतात. याच्या 20, तर त्याच प्रजातीतल्या आणखी बारीक पोरेक्टसच्या 18. हे काम भिंगाखालीच होतं, अंगणात नाही.

या सापाची खरी गंमत म्हणजे सगळ्या माद्याच! नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एक जरी गेली तरी नवीन ठिकाणी वस्ती होते. असाच तो अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत आणि हवाई बेटांपर्यंत पोचला.

वाळ्यासारखाच पण हातभर लांब, जाड आणि चोचीसारखं टोकदार नाक असलेला दिसला तर तो चंचुवाळा. ग्रायपोटिफ्लॉप्स या प्रजातीत ही एकच जात आहे आणि ती फक्त भारतात सापडते. लांबी दोन फुटांपर्यंत जाते. तोही बिनविषारी.

आता महत्त्वाचं. वाळा समजून हात घालू नये असे दोन साप आपल्या राज्यात आहेत. मण्यारीचं पिल्लू काळं, चकचकीत, पण अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. दुसरा पोवळा. तो बारीक, तपकिरी, फूटभर. डोकं-मान काळी, शेपटीवर काळी कडी आणि पोट लालसर. हे दोन्ही विषारी. वाळ्याच्या अंगावर पट्टे, कडी काही नसतं, डोक्यापासून शेपटीपर्यंत रंग आणि जाडी जवळपास सारखी. पोटाचे खवलेही पाठीएवढेच लहान असतात, विषारी सापांचे पोटाचे खवले रुंद असतात. पण हे बघायला साप उलटा करायला जाऊ नका. लांबूनच मोबाइलवर झूम करून फोटो काढा आणि ओळखीच्या सर्पमित्राला पाठवा.

कुठल्याही सापाने चावा घेतला आणि जात नक्की माहीत नसेल तर 'वाळाच होता' म्हणून घरी थांबू नका. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सुजतही नाही. 108 ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा.

वाळाच आहे याची खात्री झाली तर कागदावर किंवा सुपडीत घेऊन नारळाच्या आळ्यात सोडा. ओली माती मिळाली की क्षणात आत शिरतो.