दुकानांच्या वेळा : गुमास्ता कायदा ते चोवीस तास

दुकान थाटायचे म्हटले की आजही व्यापारी पेठेत पहिला प्रश्न विचारला जातो तो 'गुमास्ता काढला का?' हा. गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून, मालकाच्या वतीने व्यवहार पाहणारा पगारी माणूस. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ या कायद्याखालील नोंदणीचा दाखला लोकांच्या तोंडी त्याच्याच नावाने रुळला. हा कायदा मुळात कोणासाठी केला गेला होता, याची साक्ष त्या नावातच आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या वेळांवरून गेल्या काही वर्षांत जो राजकीय वाद झाला, त्यात पोलीस, पर्यटन, मद्य, महसूल, संस्कृती असे सगळे विषय आले. गुमास्त्याचा उल्लेख मात्र फारच थोड्यांनी केला.

स्वातंत्र्यपूर्व काळात गिरणी कामगाराला कारखानदारी कायद्याचे थोडेफार संरक्षण होते. दुकानातल्या नोकराला ते नव्हते. तो संघटित नव्हता, मालकाच्या नात्यागोत्यातला किंवा गावचा असे, आणि पुष्कळदा दुकानातच झोपत असे. कामाची वेळ अमुक वाजता संपते, अशी कल्पनाच त्याच्या नोकरीत नव्हती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि त्याच राजवटीत १९३९ चा दुकाने व आस्थापना कायदा झाला. देशातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक. पुढे खेर पुन्हा सत्तेवर आले, गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री झाले आणि १९४८ मध्ये अधिक व्यापक असा नवा कायदा करण्यात आला. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे दुकानांचा कारभार त्यावर चालला.

या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. नोकराकडून दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम घ्यायचे नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यायची, आठवड्यातून एक दिवस सुटी द्यायची, या झाल्या नोकराविषयीच्या तरतुदी. त्यांच्या जोडीला दुकान किती वाजता उघडावे व किती वाजता बंद करावे, हेही कायद्याने ठरवून दिले आणि आठवड्यातील एक दिवस दुकान संपूर्ण बंद ठेवण्याची सक्ती केली. बारकावे तर इतके की बंद होण्याच्या वेळी दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पुढच्या पाव तासात माल देण्याची मुभा ठेवली होती. दुकाने बंद असण्याच्या वेळेत फेरीवाल्यांनी माल विकू नये, असेही कलम होते; अन्यथा कायदा पाळणारा दुकानदार घरी जायचा आणि त्याचे गिऱ्हाईक पदपथावर जायचे.

नोकराचे तास ठरवले असताना दुकानाचे तास वेगळे ठरवण्याची गरज काय, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर अंमलबजावणीत आहे. एखाद्या नोकराचे नऊ तास भरले की नाहीत, हे महापालिकेच्या निरीक्षकाला बाहेरून दिसत नाही. त्यासाठी हजेरीपट तपासावा लागतो आणि हजेरीपट लिहितो मालक. वर केलेले शटर मात्र रस्त्यावरून दिसते. कायद्याने जे पाहता येते ते ठरवून दिले आणि त्याच्या आडून जे पाहता येत नाही त्याला मर्यादा घातली. उपाय ओबडधोबड होता खरा, पण एका निरीक्षकाला एका फेरीत पन्नास दुकानांचा अंदाज येत असे.

हा उपाय घटनेच्या कसोटीवरही तपासला गेला. पंजाबात अशाच स्वरूपाचा कायदा होता. तेथील एका दुकानदाराच्या मुलाने बंदच्या दिवशी माल विकला म्हणून दंड झाला. आपल्या दुकानात पगारी नोकरच नाही, घरचीच माणसे काम करतात, तेव्हा आपल्याला सुटीची सक्ती कशी, असा त्या दुकानदाराचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये तो फेटाळला. असा कायदा केवळ नोकरांच्या नव्हे, तर धंद्यात गुंतलेल्या सर्वांच्याच आरोग्यासाठी व कल्याणासाठी असतो आणि त्यात मालक व त्याचे कुटुंबीयही येतात, असे न्यायालयाने म्हटले. मालकालाही त्याच्या इच्छेविरुद्ध विश्रांती घ्यायला लावण्याचा अधिकार राज्याला आहे, हे तेव्हा मान्य झाले. आजच्या वातावरणात हा विचार किती जणांना रुचेल, याविषयी शंकाच आहे.

व्यवहारात कायद्याभोवती प्रथा वाढल्या. दादरला सोमवारी दुकाने बंद, मंगलदास मार्केटला रविवारी, असे वेळापत्रक मुंबईकर गृहिणींना तोंडपाठ झाले. पुण्यातील दुपारची एक ते चार ही विश्रांती हा तर विनोदाचा कायमचा विषय. ती मात्र कोणत्याही कायद्याने लादलेली नव्हती. मालक व नोकर दोघांनाही सोयीची म्हणून ती टिकली. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडे ठेवण्याचे ठरवले, तेव्हा त्याची बातमी झाली. वेळ हा विषय शहराच्या स्वभावात किती खोलवर गेलेला असतो, हे त्यावरून दिसावे.

उदारीकरणानंतर चित्र पालटले. मॉल आले, रात्रपाळीची कार्यालये आली, उपनगरातून दीड तासाचा प्रवास करून घरी पोहोचणाऱ्या नोकरदाराला रात्री दहा वाजता बंद होणारे दुकान निरुपयोगी वाटू लागले. ही मागणी खरी होती आणि तिला केवळ चंगळवाद म्हणून हिणवणे योग्य नव्हते. पतिपत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरात वाणसामान भरायचे केव्हा, हा रोजचाच प्रश्न होता. त्यात घरबसल्या ऑनलाइन खरेदीची सोय झाली. घड्याळाचे बंधन शटरवाल्या दुकानदाराला आणि संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याला मात्र ते नाही, ही व्यापाऱ्यांची तक्रारही रास्तच होती.

केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये राज्यांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा मंजूर केला. वर्षाचे ३६५ दिवस दुकाने उघडी ठेवण्याची मुभा आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच कायदा लागू, ही त्याची दोन मुख्य सूत्रे. महाराष्ट्राने ती उचलली. देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने केलेला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आला. नोकराचे नऊ व अठ्ठेचाळीस तास तसेच राहिले, आठवड्याची सलग चोवीस तासांची सुटी राहिली, जादा कामाला दुप्पट मोबदला राहिला. महिलांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेची व्यवस्था करून रात्री साडेनऊनंतर काम करण्याची वाट मोकळी झाली. दुकानाच्या वेळा मात्र नोकराच्या वेळांपासून सोडवण्यात आल्या. दुकान रात्रंदिवस चालावे, माणसे पाळीने बदलावीत, अशी ही कल्पना. परमिट रूम, बिअर बार, डान्स बार, हुक्का पार्लर, डिस्कोथेक, मद्यविक्रीची दुकाने व चित्रपटगृहे यांच्यासाठी सरकारने अधिसूचनेद्वारे वेळा ठरवल्या. पुढे जानेवारी २०२० मध्ये चित्रपटगृहे त्या यादीतून वगळली गेली.

कागदावर ही विभागणी निर्दोष आहे. अडचण सुरू होते ती दहाच्या आकड्यापाशी. १९४८ चा कायदा एकदोन नोकरांच्या दुकानालाही लागू होता. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराला नोंदणीतून सोडले. त्याने ऑनलाइन सूचना दिली की पुरे. कामाचे तास, सुटी, जादा कामाचा मोबदला ही या कायद्यातील कलमे त्याला लागू होईनात. किमान वेतनासारखे इतर कायदे उरतात, पण वेळेवर नजर ठेवणारा मुख्य कायदा तेथून निघून गेला. किराणा, कापड, औषधे, मिठाई, मोबाईल दुरुस्ती या धंद्यांतील बहुतेक दुकाने दहा माणसांच्या आतलीच असतात. पाळ्या लावायच्या तर माणसे दुप्पट हवीत. तीन नोकरांच्या दुकानाला ते कसे परवडणार? तेथे वाढीव वेळ त्याच तिघांच्या अंगावर पडते. निरीक्षकाचे नावही बदलून 'सुविधाकार' झाले, हा केवळ शब्दांचा खेळ मानला तरी त्यातून सरकारचा कल कळतो.

यात एक विसंगती अशी की छोट्या दुकानांपर्यंत पोहोचणे राज्याला अशक्य मुळीच नव्हते. दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने मराठी पाट्यांचा नियम टाळत आहेत, असे दिसताच २०२२ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून पाटीचा नियम सर्व दुकानांना लागू करण्यात आला. मराठी पाटी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या पाटीखाली बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसासाठी तशी दुरुस्ती सुचली नाही.

राजकीय वाद पेटला तो मात्र २०१७ मध्ये नव्हे, तर २०२० मध्ये आणि वेगळ्याच मुद्द्यावर. पर्यटनमंत्री आदित्य ठाकरे यांच्या आग्रहाने महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने २२ जानेवारी २०२० रोजी 'मुंबई चोवीस तास' या प्रस्तावाला मान्यता दिली. अनिवासी भागांतील मॉल, गिरण्यांच्या आवारातील संकुले, वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट, काळा घोडा अशा ठिकाणी दुकाने व उपाहारगृहे रात्रभर चालू शकतील, असे ठरले. मद्याच्या वेळा होत्या तशाच राहिल्या. तरीही चर्चा 'नाइटलाइफ' या एका शब्दाभोवती फिरली. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी आधी पोलिसांवरील ताणाचा मुद्दा मांडला होता. विरोधी बाकांवरच्या भारतीय जनता पक्षाने कायदा-सुव्यवस्थेचा व संस्कृतीचा प्रश्न उपस्थित केला. दुकानांना रात्रीची मुभा देणारा कायदा त्याच पक्षाच्या सरकारने दोनच वर्षांपूर्वी केला होता, याची आठवण त्या गदारोळात मागे पडली. पोलिसांचे तास मोजले गेले, पबमध्ये जाणाऱ्या तरुणांच्या चारित्र्याची काळजी वाहिली गेली. रात्रपाळीच्या विक्रेत्याने पहाटे लोकल सुरू होईपर्यंत घरी कसे जायचे, हा प्रश्न कोणाच्या भाषणाचा मुख्य विषय झाला नाही. दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी आली आणि प्रयोगाचे बरेवाईट काही कळायच्या आधीच तो थांबला.

टाळेबंदीच्या काळात वेळांचे नियंत्रण आले ते साथरोग व आपत्ती निवारणाच्या कायद्यांखाली. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर दुपारी चारला दुकाने बंद करण्याच्या आदेशाविरुद्ध पुण्याचे व्यापारी रस्त्यावर उतरले. वेळ ठरवण्याचा अधिकार राज्याने सोडून दिलेला नाही, तो फक्त दुसऱ्या खात्याकडे गेला आहे, एवढे त्यातून दिसले.

परदेशांतही हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये रविवारची दुकानबंदी उठवण्याचे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचे विधेयक १४ एप्रिल १९८६ रोजी कॉमन्स सभागृहात २९६ विरुद्ध २८२ मतांनी पडले. चर्च आणि दुकान कामगारांची संघटना एकाच बाजूला उभी होती आणि थॅचर यांच्या पक्षातील सत्तरहून अधिक सदस्यांनी विरोधात मत दिले. १९९४ मध्ये तडजोड निघाली ती अशी : इंग्लंड व वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने रविवारी फक्त सहा तास उघडतील, लहान दुकानांना बंधन नाही. ही सवलत वाढवण्याचा प्रयत्न मार्च २०१६ मध्ये पुन्हा ३१७ विरुद्ध २८६ मतांनी हाणून पाडला गेला. जर्मनीत १९५६ चा केंद्रीय कायदा पन्नास वर्षे टिकला. २००६ मध्ये हा विषय घटक राज्यांकडे गेला आणि बहुतेकांनी कामाच्या दिवसांचे निर्बंध शिथिल केले. रविवारच्या विश्रांतीला मात्र तेथील राज्यघटनेचे संरक्षण आहे. नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्याची बर्लिनची तरतूद घटना न्यायालयाने २००९ मध्ये रद्द ठरवली.

इंग्लंडमध्येही लहान दुकानाला सूट आहे, पण तिचा हेतू मोठ्या साखळी दुकानांच्या स्पर्धेत त्याला तगवणे हा आहे. आपल्याकडील सूट अनुपालनाचा बोजा कमी करण्यासाठी आहे. मोठ्या मॉलला रात्री थांबवणारे काही नाही आणि कोपऱ्यावरच्या वाण्यालाही नाही. त्यामुळे दोघांतील स्पर्धेत वाण्याच्या हाती आपली व नोकराची झोप कमी करणे एवढेच साधन उरते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने शासन निर्णय काढून मद्याशी संबंधित व तत्सम वगळलेल्या आस्थापना सोडून राज्यातील सर्व दुकाने चोवीस तास चालू ठेवता येतात, असा खुलासा केला. पोलीस व स्थानिक यंत्रणा रात्री दुकाने बंद करायला लावतात, अशा तक्रारी आल्याने तो करावा लागला. प्रत्येक कर्मचाऱ्याला सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुटी देण्याची अट त्यात पुन्हा नमूद आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'चोवीस तास' हे दोन शब्द आले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, मंत्रिमंडळाने याच कायद्यातील ज्या दुरुस्त्यांना मान्यता दिली त्यांची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा करणे आणि कायदा लागू होण्यासाठी कामगारसंख्येची अट दहावरून वीस करणे, या त्यांतील प्रमुख दुरुस्त्या होत.