नांगर, हळद आणि कुपवाड

सांगली आणि मिरज या पटवर्धनांच्या दोन जुन्या राजधान्या. त्यांच्या उत्तर अंगाला कुपवाड, हे शेतकऱ्यांचं गाव. 1998 साली तिघांची मिळून एक महानगरपालिका झाली आणि कुपवाडचं नाव राजधान्यांच्या पंगतीला बसलं. तिथं ना गादी, ना किल्ला. हा मान मिळाला तो मुख्यतः कारखान्यांमुळं. पण ऊस, हळद, द्राक्षं पिकवणाऱ्या मुलखात कारखाना रुजला कसा? त्यासाठी आधी किर्लोस्करवाडीला जायला हवं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला. निवडुंग माजलेला, सापांचं राज्य! 1910 साली तिथं वसाहत उभी राहू लागली. माल कोणता, तर लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. बेळगावात पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली होती. याला अडाणीपणा म्हणून हसू नये. वर्षाची भाकरी ज्या जमिनीवर, तिच्यात नवखं अवजार घालताना माणूस दहादा विचार करणारच. पीक बोललं, तेव्हा शंका फिटली. पुढं पहिल्या महायुद्धात लोखंडाचा दुष्काळ पडला, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले!

म्हणजे इथला कारखाना शेतकऱ्याच्या भरवशावर वाढला. वसंतदादा पाटलांच्या पुढाकारानं सांगलीत सहकारी साखर कारखाना निघाला, तो तर शेतकऱ्यांच्याच भागभांडवलावर. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि त्याची एक वसाहत कुपवाडला आली. ओतशाळा आल्या, छोटी यंत्रशाळा आली, आणि हळद-बेदाण्यासाठी शीतगृहंही आली.

हळदीची गोष्ट जरा वेगळी आहे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं असत. तोंड मातीनं लिंपलं की आत हवा जात नसे, कीड लागत नसे. हळद वर्षानुवर्षं टिके. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि त्यांतली कितीतरी कायमची निकामी झाली. कुपवाड नदीपासून दूर, चढावर आहे. तिथल्या मालाला पुराचं तेवढं भय नाही. मात्र पेवाला वीज लागत नसे, शीतगृहाला रात्रंदिवस लागते. भाव चढेपर्यंत माल थोपवायचा, की भाडं चढतंय म्हणून विकून मोकळं व्हायचं, हा हिशेब घरात बसूनच करावा लागतो.