दवाखान्याची वाट आणि मतपेटी : अहिल्यानगर जिल्ह्याचा अनुभव

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या राजकारणाचा इतिहास सहसा ऊस, पाणी, सहकार आणि घराणी या चार अंगांनी लिहिला जातो. परंतु आजारपणात कोण धावून आले याची घराघरांत जपली जाणारी आठवणही मताचा कौल घडवते, या गोष्टीची नोंद त्या इतिहासात क्वचितच आढळते.

आरोग्याचा प्रश्न मतपेटीपर्यंत कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी आधी एक तुलना पाहू. अमेरिकेत मुख्य निवडणुकीआधी पक्षाचे मतदारच आपला उमेदवार निवडतात आणि या फेरीला तेथे प्राथमिक निवडणूक म्हणतात. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अशा निवडणुकीत सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्य विमा असावा, असा बर्नी सँडर्स यांचा आग्रह होता, तर आहे त्याच आरोग्यविमा कायद्याची व्याप्ती वाढवावी, अशी जो बायडन यांची भूमिका होती. आणि अनेक राज्यांतील मतदानोत्तर पाहण्यांत मतदारांनी आरोग्यसेवेलाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानले. भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवत असल्यामुळे दोन आरोग्यधोरणांतून एक निवडण्याची अशी संधी मतदाराला सहसा मिळत नाही. येथे आरोग्याचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोचतो तो संस्थांच्या आणि माणसांच्या वाटेने.

या वाटेचा पहिला टप्पा सहकाराचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने उभे राहिले; लोणी येथे विश्वस्त संस्थेचे मोठे रुग्णालय झाले आणि १९८४ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. शहर गाठणे ज्यांना परवडत नव्हते, अशा ग्रामीण कुटुंबांना शस्त्रक्रिया आणि बाळंतपण हाकेच्या अंतरावर उपलब्ध झाले, हे या संस्थांचे मोठेच कार्य होय. मात्र संस्था उभारणारे नेतृत्व आणि मत मागणारे नेतृत्व एकच असल्याने उपचार हा नागरिकाचा हक्क आहे की नेत्याचा उपकार, ही सीमारेषा पुसट होत गेली.

दुसरा टप्पा लोकनियुक्त संस्थांचा आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे सुमारे ३०,००० लोकसंख्येसाठी वैद्यकीय अधिकारी असलेला सरकारी दवाखाना, आणि उपकेंद्र म्हणजे सुमारे ५,००० लोकसंख्येसाठी आरोग्यसेविका सांभाळते ते ठाणे; अकोले तालुक्यातील आदिवासी पट्ट्यासारख्या डोंगराळ भागात हेच प्रमाण अनुक्रमे २०,००० आणि ३,००० धरले जाते. त्यावरचे ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र थेट राज्य शासनाच्या अखत्यारीत येते. औषध नसले किंवा डॉक्टर जागेवर नसला तर जाब जिल्हा परिषद सदस्याला विचारायचा की आमदाराला, हे या विभागणीमुळे सामान्य मतदाराला उमगत नाही, आणि जबाबदार कोण हेच ठाऊक नसले की गाऱ्हाण्याचे रूपांतर मतात होत नाही.

तिसरा टप्पा, आणि या जिल्ह्याने जगाला दिलेला धडा, जामखेडचा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये या दुष्काळी तालुक्यात, जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू केले, तेव्हा परिसरातील बालमृत्यूचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे १७६ इतके भयावह होते. रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक आजारांचे मूळ अशुद्ध पाणी, उपासमार आणि अज्ञान यांत आहे, हे ओळखून त्यांनी गावोगावी आरोग्य सेविका तयार केल्या. या सेविका गावकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेल्या असत. त्यांपैकी अनेक निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला जामखेडला जाऊन त्या शिकत आणि गावी परतून मुलांची वजने घेणे, गरोदर स्त्रियांची तपासणी करणे, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आईला शिकवणे, अशी कामे करीत. १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेण्यावर भर देण्यात आला, ज्यामुळे इतर जातींच्या स्त्रियांना पाण्यासाठी तेथे जाणे भाग पडले. आरोग्याचा प्रश्न सामाजिक सत्तेच्या प्रश्नाशी कसा जोडलेला असतो, हे या एका गोष्टीतून दिसते.

सेविकांच्या या निवडीचे राजकीय मोल मोठे आहे. आपल्या आरोग्याची राखण कोणी करावी हे गावाने बसून ठरवणे, हीच या मातीतली खरी प्राथमिक निवडणूक होती, कारण तिच्यात कसोटी जात, पैसा किंवा घराणे यांची नसून सेवेची होती. ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवल्यावर महिला मंडळांत घडलेल्या काही सेविका ग्रामपंचायतीत आणि सरपंचपदीही पोहोचल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचा प्रयोग जगभरच्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या चर्चेत आदर्श ठरला.

चौथा टप्पा विमा योजनांचा आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत आणि पुढच्याच वर्षी राज्यभर लागू झाली. तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. उपचाराचा खर्च रुग्णालयाला परस्पर देण्याच्या या पद्धतीमुळे असंख्य कुटुंबे कर्जातून वाचली. पण कागदपत्रे, मंजुरी आणि खाट मिळवण्यासाठी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातील ओळख उपयोगी पडू लागली आणि आरोग्यदूत म्हणवणारा कार्यकर्ता निवडणुकीच्या यंत्रणेचा भाग बनला.

या साऱ्याची परीक्षा करोनाकाळात झाली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी भाळवणी येथे सुमारे १,१०० खाटांचे उपचार केंद्र चालवले आणि रुग्णांत वावरणारा आमदार अशी त्यांची ओळख राज्यभर झाली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले आणि सरकारी व्यवस्थेच्या दुरवस्थेने जिल्हा हादरला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत लंके यांची लढत डॉ. सुजय विखे पाटील यांच्याशी झाली, जे स्वतः मेंदूशल्यचिकित्सक असून विठ्ठलरावांचे पणतू आहेत आणि २०१९ मध्ये २ लाख ८० हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. या वेळी ते सुमारे २९ हजार मतांनी पराभूत झाले. कांद्याची निर्यातबंदी, दुधाचा भाव आणि पक्षफुटी यांचाही त्या निकालात वाटा होता, तरी प्रचारात भाळवणीचा उल्लेख सतत होत राहिला. मात्र त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पारनेरमध्ये लंके यांच्या पत्नी थोड्या मतांनी हरल्या. कृतज्ञता मत मिळवून देते, पण ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

माणसांना असा कौल मिळत असताना संस्थेची वाट मात्र बंद झाली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, म्हणजे ज्या संस्थेकडे गावच्या दवाखान्याची जबाबदारी आहे, तिलाच मतदाराला जाब विचारता येईना. संकटात धावून येणाऱ्या माणसाचे ऋण मानणे हा या मातीचा संस्कार आहे आणि तो जपलाच पाहिजे; परंतु धावपळ करण्याची वेळच का आली, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. म्हणून जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा भरलेली आहे काय, सर्पदंशावरचे प्रतिविष आहे काय आणि रात्री बाळंतपणाची सोय आहे काय, हे तीन प्रश्न मतदाराने विचारावेत आणि उत्तर ऐकूनच मत द्यावे.