मराठी गाद्यांचे विलायतेतील वकील

‘वकील’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे कोर्टातील काळा डगला उभा राहतो. परंतु या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘दुसऱ्याच्या वतीने बोलणारा’ असा आहे. मराठेशाहीत परदरबारी पाठविलेल्या प्रतिनिधीस वकील म्हणत. आजच्या भाषेत तो राजदूत. हे वकील पुण्याहून दिल्लीस, हैदराबादेस, श्रीरंगपट्टणास जात. पण सातासमुद्रापलीकडे इंग्लंडलाही मराठी गाद्यांचे वकील गेले होते, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. वर्गात हा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्यांत आपल्यापैकी कोणी होते का?” त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख.

पहिली वकिली रघुनाथरावांची. पेशवाईच्या वादात इंग्रजांनी दिलेली वचने पाळली जावीत म्हणून त्यांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणास आणि मणियार रतनजी या पारशी गृहस्थास मुलासह विलायतेस धाडले. सन १७८१ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा आणि सोवळ्याओवळ्याची अडचण! प्रसिद्ध मुत्सद्दी एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या गावी नेले आणि स्वतंत्र स्वयंपाकाची सोय करून दिली. पाहुणचार उत्तम झाला. राजकीय पदरात मात्र काही पडले नाही.

दुसरी आणि सर्वांत प्रदीर्घ वकिली साताऱ्याची. सन १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य मिळाले होते. सन १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले आणि काशीस पाठविले. महाराजांनी आपली दाद लंडनमध्ये मागण्याचे ठरविले. त्यांच्या वकिलांत रंगो बापूजी गुप्ते हे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. पण त्याच कामासाठी मीर अफझल अली हेही लंडनला गेले होते. छत्रपतींच्या गादीचा न्याय मागण्यासाठी एक मुसलमान वकील समुद्र ओलांडून गेला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

या वकिलांची मुख्य अडचण कोणती? कंपनी त्यांना वकील म्हणून मानीतच नव्हती. तक्रार असेल तर ती मुंबई सरकारमार्फत पाठवा, असे उत्तर मिळे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हाती अर्ज द्यायचा! रंगो बापूजी तरीही खचले नाहीत. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाजल्या. इकडे १८४७ मध्ये महाराज काशीस वारले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. तरी हा स्वामिनिष्ठ वकील १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिला. रिकाम्या हाताने ते परतले. पुढे १८५७ साली साताऱ्यात ज्यांना देहान्त शासन झाले, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

तिसरी वकिली नानासाहेब पेशव्यांची. सन १८१८ नंतर दुसरे बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास राहत. त्यांना सालिना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन होते. १८५१ मध्ये ते वारले आणि कंपनीने दत्तक पुत्र नानासाहेबांना ते नाकारले. लंडनला कोणास पाठवावे? नानासाहेबांनी निवडले अझीमुल्ला खान यांना.

पालकहो, या माणसाचे बालपण ऐका. १८३७-३८ च्या भयंकर दुष्काळात उपाशी आई आणि हा लहान मुलगा कानपूरच्या मिशनऱ्यांच्या आश्रयास आले. तेथील धर्मादाय शाळेत तो शिकला. इंग्रजी आणि फ्रेंच भाषा त्याने आत्मसात केल्या आणि त्याच शाळेत तो शिक्षक झाला. दुष्काळातून वाचलेला हा मुलगा १८५३ मध्ये पेशव्यांचा वकील म्हणून लंडनच्या प्रतिष्ठित घरांतून वावरू लागला. हणमंतरावांना जी भाषा परकी होती, ती त्याच्या जिभेवर होती.

दावा मात्र फेटाळला गेला. परतताना अझीमुल्ला कॉन्स्टँटिनोपलला थांबले आणि क्रिमियाच्या रणांगणावर इंग्रज फौजेची दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अर्ज निष्फळ, पण इंग्रज अजिंक्य नाही, ही जाणीव घेऊन ते आले. १८५७ च्या उठावात ते नानासाहेबांचे प्रमुख सल्लागार होते.

तिन्ही वकिल्या फसल्या. त्यांत वकिलांची हुशारी कमी पडली नाही. वादी दुर्बळ आणि न्यायाधीशच प्रतिवादी होता. हे चित्र बदलण्यास १९४७ साल उजाडावे लागले. स्वतंत्र भारताचे अमेरिकेतील पहिले राजदूत असफ अली होते. पुढे मुंबईचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला १९५८ ते १९६१ वॉशिंग्टनला राजदूत आणि १९६२-६३ मध्ये लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. ज्या शहरात मीर अफझल अलींना वकील म्हणून मान्यता मिळाली नाही, तेथेच मुंबईच्या एका मुस्लिम घरातील माणूस साऱ्या देशाच्या वतीने मानाने बसला. आणि तेथून परतल्यावर ते केंद्राचे शिक्षणमंत्री झाले!

विद्यार्थी मित्रहो, राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच विचार असावा. आपली बाजू मांडायची तर आधी शिकले पाहिजे. दुसऱ्याची भाषा शिका, आपली विसरू नका. उद्या कोणाच्या तरी वतीने बोलण्याची वेळ तुमच्यावरही येईल. त्या वेळी शब्द अपुरे पडता कामा नयेत.